परत जाणारे निरोप

“कंपनीचा निरोप परत का धाडलास?” मल्लेश खुर्चीतून अर्धा उठलाच.

“माल कुठं उतरवायचा त्येच न्हाय त्यात, भाऊ,” निखत म्हणाली. “वजनाच्या जागी गाडीचा नंबर घातलाय. चूक सांगून आपोआप माघारी गेला. नीट करून पाठवतील की त्ये.”

“म्या केला असता नीट!”

निखत नुसती हसली. ते हसणं मल्लेशला दिवसभर टोचत राहिलं.

उमरग्याला हायवेवर सिद्रामप्पांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. हैदराबादकडची एक पशुखाद्याची कंपनी त्यांच्या गाड्यांनी माल पाठवते. कोणत्या गाडीत काय भरायचं, कुठं उतरवायचं, हे त्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरून थेट इकडच्या कॉम्प्युटरवर येतं, आणि पुष्कळदा वेडंवाकडं येतं. ते सरळ करणं हे मल्लेशचं काम. रिकामा रकाना तो अंदाजानं भरायचा आणि कंपनीला तिची चूक कळूही द्यायचा नाही. यात त्याला मोठेपणा वाटायचा. ड्रायव्हर त्याला विचारल्याशिवाय गाडी काढत नसत. बायको शिवगंगा म्हणायची, “जसं काय तुमच्याच जिवावर चाललंय ऑफिस!” चाललंच होतं, असं त्याचं ठाम मत होतं.

दिवाळीनंतर निखत कामाला आली आणि तिनं कॉम्प्युटरवर असा काही बंदोबस्त केला, की मोडका निरोप दारातूनच माघारी जाऊ लागला. सिद्रामप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला तिचं कौतुक ऐकवू लागले. ते मल्लेशनं कसंबसं गिळलं. पण कंपनीतला कल्याणप्पा, त्याचा रोजचा फोनवरचा दोस्त, तोही एकदा म्हणाला, “पोरगी लई हुशार हाय रे तुमची. आमचं कुठं चुकतंय ते आत्ता कळालं बघ.”

मल्लेशच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं ह्यांची घाण कुणी निस्तरली?

एका दुपारी निखत जेवायला गेली असताना पुन्हा एक निरोप माघारी गेला. उतरवायचं ठिकाण रिकामं. मल्लेशनं तो हातानं पुन्हा आत घेतला आणि येडशी भरलं. ठिकाण रिकामं म्हणजे येडशीच, हे त्याला पाठ होतं. महेबूब ड्रायव्हरची गाडी त्यानं लगेच लावून दिली. बघू म्हणावं आता, कोण झटपट करतंय! त्या दिवशी चहासुद्धा त्याला गोड लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येडशीच्या दुकानदारानं माल उतरवून घेतला नाही. तो माल भूमचा होता. भूमला आठवडी बाजार भरलेला, आणि तिथल्या दुकानदार अयोध्याबाई दिवसभर गिऱ्हाइकं परत लावत बसल्या होत्या.

सिद्रामप्पा निखतवर उखडले. “चुकीचं अडवतंय म्हणालीस न्हवं? मग ह्ये कसं सुटलं?”

तिला बोलणी बसत होती आणि मल्लेशला बरं वाटत होतं. अगदी मनापासून बरं वाटत होतं.

निखतनं स्क्रीन पाहिला. “अडवलं होतं, अप्पा. नंतर हातानं भरलंय कुणीतरी.” ती मल्लेशकडे वळूनही बघेना. नाव समोर दिसत असून तिनं घेतलं नाही, तेव्हा त्याला गप्प बसवेना.

“म्या भरलं,” तो म्हणाला.

सिद्रामप्पांनी शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, “व्हय का. मग आता त्ये तिचं तिलाच बघू दे, मल्लेश.”

तिसऱ्या दिवशी सकाळी महेबूबचा फोन आला. “बोल की,” मल्लेश म्हणाला, “कुठं उतरवायचं, इचारतोस न्हवं?”

पलीकडून महेबूब म्हणाला, “भाऊ, राग मानू नका… जरा मॅडमला देता का फोन?”

“देतो की. त्यात काय?”

मल्लेश उठून निखतच्या टेबलाशी गेला. “मॅडम, तुमचा फोन,” म्हणाला.

मोबाइल त्याचा स्वतःचा होता, त्यामुळे दोघांचं बोलणं संपेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.