खांद्यावरचा डाग

"धरा रं त्याला!" सोनाजीनं लालबुंद विळा चुलीतून उपसला. मान धरलेली, उजवा हात सुकत चाललेला, असा त्याचा लेक भिकन पालथा पडला होता. चौघांनी हातपाय दाबले. विळा खांद्यावर टेकला, चर्र झालं, कातडं जळाल्याचा वास सुटला. भिकन हलला नाही.

"ह्याला म्हणत्यात वाघ!" म्हाताऱ्याची छाती फुगली. मेंढरू असो की माणूस, या घराण्यात दुखण्यावर डागच, आणि डागाला ओरडला तो कसला गडी! फर्दापुरात भेटेल त्याला सोनाजी हेच सांगत सुटला.

वाघाला मात्र खरं काय ते ठाऊक होतं. विळा टेकल्याचं त्याला कळलं होतं, भाजल्याचं कळलं नव्हतं. बिडीनं बोटं जळायची, तरी पत्ता नसायचा. हा महारोग तर नव्हे? या धास्तीनं त्यानं तोंड शिवलं होतं. हातातून तांब्या निसटायला लागला, तेव्हा बायको सुगंधानं हट्टच धरला. मग तिघं शहरात आले.

"महारोग नाही," उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाई मानेचा फोटो बघून म्हणाल्या. भिकनच्या जिवावरचा धोंडा उतरला. "मेंदूचा खालचा भाग जन्मापासून मानेत उतरलाय. त्यानं आतल्या पाण्याची वाट अडली. मग मज्जारज्जूत पोकळी होऊन तिच्यात पाणी साठलं. मागचं थोडं हाड काढून वाट मोकळी करावी लागेल. गेलेलं परत येईलच असं नाही. पण थांबलात तर दोन्ही हात जातील, पायसुद्धा."

"मान कापायची?" सोनाजी ताडकन उठला. "काय गरज नाय! एवढा डाग सोसलाय त्यानं. उतरंल आपसूक. चल रं भिकन्या!"

सुगंधा नवऱ्याकडं बघत राहिली. बापानं जन्मात एकदाच भिकनचं कौतुक केलं होतं, आणि तेच आता आपल्या तोंडानं मोडायचं होतं.

"आबा, म्या काय सोसलं नाय."

"आँ?"

"इळा टेकला तेवढं कळलं. चटका कळलाच नाय. दुसऱ्याच कुणाचं कातडं जळतंय असं वाटलं."

"मंग वरडला का नाय?"

"दुखलंच नाय, तर वरडू कशाला?"

म्हातारा लेकाशेजारी बसला. लेकाचा हात मांडीवर ओढून जळक्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिला. "करा बाई, काय करायचं ते," तो पुटपुटला. "लई मिरवलं रं म्या."

भिकनच्या मनगटावर एक थेंब पडला. पडल्याचं त्याला कळलं. गरम होता का, ते मात्र कळलं नाही.