मांडवात मी खरे बोललो

मित्रांनो, मी एक जुना किरणमापक आहे. आसपास किरणोत्सर्ग असला की मी टकटक करतो. थोडा असेल तर अधूनमधून एखादी टक. धोका असेल तर मला उसंतच नसते.

माझी उमेदीची वर्षे एका बंद केलेल्या अणुभट्टीत गेली. भट्टी बंद केली म्हणजे काम संपत नाही. तिचा एकेक पाइप तपासून, कापून, जाड पेटीत बंद करावा लागतो. हे काम शिकायला कुरुंद्याची आरोही ॲप्रेंटिस म्हणून आली. मला हातात धरल्याशिवाय तिने तिथे कधी पाऊल टाकले नाही. उमेदवारी संपली आणि तिला तिथेच कायमची नोकरी लागली. मी तोवर थकलो होतो. तिला शिकवणारे रतनसिंग सर म्हणाले, "हा आता भंगारातच जाणार. तू घरी ने, आठवण म्हणून."

चुलत बहिणीच्या लग्नाला आरोही मला घेऊन गावी आली. आईला दाखवायचे होते ना! मांडवात नवरीला हळद लागत होती. आरोहीने हात पुढे केला, तोच रूपाकाकूंनी वाटी मागे ओढली.

"तू नको लावू, पोरी."

"काहून, काकू?"

"तू त्या अणूच्या कारखान्यात काम करून राहिली. तुझ्या अंगाचं नवरीला लागलं म्हंजी?"

आरोही हसली. तिने मला चालू करून आपल्या तळहातावर धरले. "काही असलं तर हे सारखं वाजंल. बघा तुमी."

मी टक केले. एकदाच. मातीत, दगडात, साऱ्या जगात असतो तेवढाच किरणोत्सर्ग होता तो. मला खोटे बोलता येत नाही.

"वाजलं की!" काकू ओरडल्या. बाया मागे सरकल्या.

"अवं, हे सगळीकडंच वाजतं," म्हणत आरोहीने मला हळदीवर धरले. टक.

"हळदीलाबी लागलं!" काकूंनी वाटी उकिरड्यावर रिकामी केली.

आरोहीने आईकडे पाहिले. आईने, चतुराबाईंनी, मान खाली घातली. "बंद कर ते. अन् आत जाऊन बस."

आरोही आत गेली नाही. मला ओट्यावर ठेवून, पिशवी उचलून ती कामावर परतायला वसमतच्या रस्त्याला लागली. आता तिच्या हाताखाली नवी पोरे ते काम शिकतात. चतुराबाई शेजारणींना सांगतात, "लेक बँकेत हाये."

मी कोनाड्यात पडून आहे. पोटातले सेल फुटून गंजले आहेत. मित्रांनो, मला पुसा, जपा, असे मी म्हणत नाही. पण कुणी आपल्यासाठी धोका आवरायला गेले असेल, तर ते घरी आल्यावर त्यालाच भिऊ नका. आधी विचारा, आणि उत्तर ऐकून घ्या. त्या दिवशी माझी टक साऱ्या मांडवाने ऐकली. आरोही काय सांगत होती, ते मात्र कुणीच ऐकले नाही.