दिराच्या तोंडावरचं कुंपण

दिराच्या स्वयंपाकघराची खिडकी कुठवर येते, हे काकूंनी आधी गळ्यातल्या टेपनं मोजून घेतलं, आणि मग वखारीत जाऊन त्याहून हातभर उंच फळ्या सांगितल्या.

"एवढ्या उंच कशाला?" वखारवाला म्हणाला. "घराला कमरेएवढं कुंपण पुरतं."

"घराला पुरतं हो," काकू म्हणाल्या, "मला पुरत नाही."

चौकातल्या दुकानात जन्मभर लोकांचे कपडे शिवले आणि टेप कधी गळ्यातून उतरवली नाही, म्हणून गल्ली त्यांना टेपकाकू म्हणायची. दोन भावांची दोन घरं शेजारी शेजारी, मधलं अंगण सामाईक. काकूंच्या बाजूला नवऱ्यानं लावलेलं तुतीचं झाड होतं. पाखरं तुती खायची आणि धाकट्या दिराच्या पांढऱ्या गाडीवर जांभळे शिंतोडे उडवायची. दिराचा सगळा जीव त्या गाडीत. थोरला भाऊ इस्पितळात खाटेला खिळलेला, काकू त्याच्या उशाशी, तेवढी संधी साधून दिरानं माणसं बोलावली आणि झाड बुंध्यापासून उतरवलं. विचारणं नाही, सांगणं नाही. ओंडके मात्र भिंतीशी नीट रचून ठेवले होते, मोठे उपकारच केले म्हणायचे!

नवरा घरी आला तो अंगणात खुर्ची टाक म्हणतच. झाडाखाली बसायचं, याखेरीज त्यानं इस्पितळात काही मागितलं नव्हतं. काकूंची जीभ रेटेना. "वाऱ्यानं पडलं," त्या म्हणाल्या. त्यानं त्या सपाट खोडाकडे बराच वेळ पाहिलं.

"वारा हल्ली करवत घेऊन फिरतो वाटतं," एवढंच तो बोलला. पुन्हा त्यानं खुर्ची मागितली नाही. त्यानंतर महिनाभरही तो जगला नाही.

दीर आला, ओक्साबोक्शी रडला. झाडाबद्दल अवाक्षर नाही. काकूंना फक्त एक शब्द हवा होता, 'चुकलो'. त्या वाट पाहत राहिल्या. आणि एक दिवस त्यांच्याच कानांवर आलं, दीर फाटकात कुणाला तरी सांगत होता, "अंगण कसं मोकळं झालं बघा, गाडी आता स्वच्छ राहते." काकूंच्या मस्तकात तिडीक गेली. हा शब्द त्याच्या तोंडून काढल्याशिवाय राहणार नाही, असं त्यांनी त्या क्षणी ठरवलं.

सुतार बोलवायचा नाही, हेही ठरलं. दुसऱ्याच्या हातानं सूड घ्यायचा म्हणजे दुसऱ्याच्या तोंडानं जेवण्यासारखं. खांब तुतीच्याच ओंडक्यांतून कापून आणले. बुडांना डांबर फासलं. पहारीनं खड्डे खणताना तळहातांना फोड आले, ते फुटले, तिथे घट्टे पडले. खांब ओळंब्यात सरळ आहे की नाही हे काकू एक डोळा मिटून पाहायच्या, आणि शेजारची जाऊ दारातून विचारायची, "ताई, चहा देऊ का?"

"दे," काकू म्हणायच्या. "पण तुझ्या नवऱ्याच्या कपात नको."

जावेवर त्यांचा राग नव्हता. कुंपण झाल्यावर तो चहाही बंद होईल, हे त्यांना कळत होतं आणि खुपतही होतं. तरी हात थांबला नाही.

आता कपड्याला सुलट बाजू असते आणि उलट बाजू असते, जिथे शिवणी, टाके, लोंबते दोरे. कुंपणालाही असते. आडव्या पट्ट्या आपल्या बाजूला ठेवायच्या आणि सपाट, देखणी बाजू बाहेर, हा रिवाज. काकूंनी ठरवून उलटं केलं. खांब आणि पट्ट्या दिराकडे, सपाट फळ्या स्वतःकडे. त्यानं रोज उठून शिवणीच बघाव्यात, देखणं काही त्याच्या वाट्याला येऊ नये! शिवणाऱ्या बाईला यापेक्षा मोठी शिवी सुचली नसती. वर फळ्यांना टोकंही काढली.

शेवटचा खिळा बसला तशी खिडकी अंधारली. दिरानं पलीकडून आरडाओरडा केला, शिव्या घातल्या, वकिलाची धमकी दिली. काकूंनी अंगणात उभं राहून त्या सगळ्या शांतपणे ऐकल्या. कित्येक महिन्यांनी त्या दिवशी त्यांना अन्न गोड लागलं.

पण दीरही हट्टी. एका दुपारी काकू दुकानात गेलेल्या पाहून तो हातोडा घेऊन खिडकीपुढच्या फळ्या उचकटायला निघाला. खिळ्यांची डोकी काकूंच्या बाजूला. तिथे जायचं कसं? काकूंच्या फाटकाला कुलूप. मग त्याचं लक्ष त्या आडव्या पट्ट्यांकडे गेलं. काकूंनी रागाच्या भरात त्याच्यासाठी आयती शिडीच बांधून ठेवली होती.

काकू जेवायला घरी आल्या तेव्हा गल्लीतली माणसं फाटकाशी जमून हसत होती. दीर कुंपणावर घोड्यावर बसल्यासारखा बसला होता. एक पाय इकडे लोंबकळत. सपाट फळ्यांवर तो टेकवायला तसूभर जागा नव्हती. पँटची शिवण फळीच्या टोकात अडकलेली. पँट काकूंनीच शिवलेली, त्यामुळे फाटतही नव्हती. हातोडा केव्हाच खाली पडला होता.

"अगं, माझा पाय सोडव!" तो पलीकडे बायकोवर ओरडला.

"माझी भाजी गॅसवर आहे," जाऊ म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

"वहिनी, एक स्टूल द्या हो," शेवटी तो काकूंना म्हणाला.

काकूंनी घरातून स्टूल आणलं आणि चार हातांवर थांबल्या. "आधी म्हणा, भाऊजी."

"काय म्हणू?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"चुकलो! झालं समाधान? चुकलो, चुकलो, हजारदा चुकलो! द्या आता स्टूल!"

ज्या शब्दासाठी हातांना फोड आले, तो तुटल्या बटणासारखा पायाशी येऊन पडला. काकूंनी तो उचललासुद्धा नाही. त्यांनी स्टूल तिथेच जमिनीवर ठेवलं आणि स्वतः त्यावर बसल्या.

"हे स्टुलासाठी झालं," त्या म्हणाल्या. "आता तुमच्या दादासाठी म्हणा. काय केलंत, तेव्हा तो कुठे होता, सगळं सांगा. मला घाई नाही."

गल्लीतलं हसू थांबलं. दिरानं खाली पाहिलं. खाली ते सपाट खोड होतं.

"दादा घरी परत येईल, असं मला वाटलंच नव्हतं," तो म्हणाला. "मी त्याला आधीच गेलेला धरला होता."

कुंपणापलीकडे जावेनं तोंडाला पदर लावला. काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पण त्या स्टुलावरून उठल्या नाहीत.

"अजून," त्या म्हणाल्या.