असा कोणी इथे राहत नाही

नवशी पोलिसाशी खोटं बोलली. आता यात काय मोठंसं, असं आमच्या तलासरीकडे कोणीही विचारील. पोलिसाशी खरं बोलायची रीत आमच्याकडे होती कधी? आज्याच्या काळात जंगलखात्याचा शिपाई यायचा, मग दारू हुडकायला यायचे, मग मोर्च्यात कोण कोण होतं ते विचारायला यायचे. खाकी दिसली की पाड्यातला जो तो परगावचा होऊन बसायचा. विचारलेलं नाव कोणी कधी ऐकलेलंच नसायचं. पोरं चालायला लागतात त्याच सुमारास हेही शिकतात, कोणी वेगळं शिकवत नाही.

नवशीचा नवरा लडक्या, सासरा सुकऱ्या. तालुक्याच्या पूर्वेला डोंगराच्या अंगाला त्यांचा पाडा. थोडा भात, वर उतारावर नागली, त्यात वर्ष निघत नाही. म्हणून नारळी पौर्णिमा झाली की लडक्या पार सौराष्ट्रात जायचा, बोटीवर खलाशी म्हणून, आणि मे महिन्यात परत यायचा. डोंगरातला माणूस समुद्रात काय करतो म्हणून हसू नका. तिकडच्या बोटींवर आमच्या भागातले कितीतरी आहेत. नवशी मागे घोलवडला चिकू निवडायला जायची, मोठा एका टोपलीत, बारका दुसऱ्या टोपलीत.

खलाशाला ओळखपत्र लागतं. दोन हजार सोळा साली बोटमालकाचा माणूस लडक्याला म्हणाला, "महाराष्ट्राचा पत्ता दिलास तर तुझ्या तालुक्याचा दाखला आण, त्यावर शिक्का आण, मग वर पाठव. इकडचा पत्ता असला तर दोन दिवसांत कार्ड हातात." लडक्याची थोरली बहीण जिजा झाई गावाच्या पलीकडे दिलेली. झाई संपली की गुजरात, मध्ये एक पाटी आहे तेवढीच. लडक्याने बहिणीचा पत्ता दिला, कार्ड मिळालं, आणि सगळ्यांची सोय झाली.

पुढच्या मार्चात जिजा सुनेच्या बाळंतपणाला गेली. तिच्या बकऱ्या बघायला आठ दिवस नवशी तिच्या घरी राहिली. एका सकाळी मोटारसायकलवर दोन पोलीस आले. एकाने कागद काढला आणि विचारलं, "लडक्या सुकऱ्या अहीं रहे छे?"

जिजाचा नवरा हाल्या कधीमधी सायकलच्या पिशवीत घालून इकडच्या बाटल्या तिकडे न्यायचा, कारण तिकडे दारूबंदी. नवशीला वाटलं, हाल्या सापडला आणि मेल्याने मेव्हण्याचं नाव घेतलं. पण खरं सांगायचं तर तिला एवढंही वाटायला वेळ मिळाला नाही. तोंड आपणच उघडलं.

"असा कोणी इथे राहत नाही," ती म्हणाली. "आम्ही ओळखत नाही."

पोलिसाने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. मग त्याने तिचं नाव लिहून घेतलं, अंगठा घेतला आणि गाडी वळवली. नवशीने बकऱ्या सोडल्या. आपण काम चोख केलं असंच तिला वाटत होतं. संध्याकाळी हाल्याला तिने ते सांगितलंही नाही, उगाच माणूस घाबरायचा.

तीन आठवड्यांनी मालकाचा माणूस पाड्यात आला. पाणी मागितलं, प्यायला, आणि मग सांगितलं की बोट पाकिस्तानने धरली. समुद्रात रेघ नसते, मासा जिकडे जातो तिकडे बोट जाते. लडक्या कराचीच्या तुरुंगात आहे, बरोबर शुक्राही आहे. शुक्रा म्हणजे जिजाच्या शेजारच्या गावचा, त्याच बोटीवरचा. म्हातारा सुकऱ्या खाली बसला. नवशीने विचारलं, "कधी धरली?"

माणसाने तारीख सांगितली. पोलीस आले त्याच्या आधीची होती.

"घाबरू नका," तो म्हणाला. "पोलीस घरी येऊन विचारून जातात, हा तुमचाच माणूस का म्हणून. तुम्ही हो म्हटलं की कागद वर जातो. मग सोडतात."

नवशीला रडू आलं नाही. हातपाय गार पडले, आणि ते गारच राहिले. दुसऱ्या दिवशी ती घोलवडला कामाला गेली. मोठा एका टोपलीत, बारका दुसऱ्या टोपलीत. हाताला सगळं बरोबर समजत होतं.

आता गंमत बघा, गंमत म्हणायची तर. शुक्राच्या घरीही तेच दोन पोलीस गेले होते. त्याची बायको जिवली शेजारणींच्या घोळक्यात उभी होती, आणि घोळक्यातल्या कोणाला तरी बोट धरल्याची बातमी लागली होती. तिने हो म्हटलं. झालं. गुजरात सरकारने जिवलीला नवरा सुटेपर्यंत भत्ता सुरू केला, कचेरीतली माणसं घरी येऊन फॉर्म भरून गेली. एकच बोट, एकच जाळं, एकच तुरुंग. पण एकीचा नवरा मच्छीमार ठरला आणि दुसरीचा कोणीच नाही.

नवशी आधी इकडच्या कचेरीत गेली. साहेब वाईट नव्हता, त्याने बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "बाई, बोट गुजरातची, कार्ड गुजरातचं, पत्ता गुजरातचा. मी कुठल्या खात्यातून लिहू? आणि भत्त्याची तर आमच्याकडे योजनाच नाही."

मग ती सासऱ्याला घेऊन तिकडच्या कचेरीत गेली. तिकडच्या कारकुनाने रेशनकार्ड उलटंपालटं केलं. "हे तर महाराष्ट्राचं. आणि आमचा तपास झालाय. घरची बाई म्हणते, असा कोणी राहत नाही. खाली अंगठा आहे."

सुकऱ्याने विचारलं, "कुठलं घर?"

"जिजाचं."

झालं! म्हाताऱ्याने तिथेच लेकीला शिव्या घातल्या. कचेरीतली माणसं माना वळवून बघायला लागली. नवशी त्याच्या बाजूला उभी होती. कारकुनाच्या बोटाखाली तिचं नाव होतं, गुजराती अक्षरांत. तिने तोंड उघडलं नाही. आपण आत्ता बोललं पाहिजे हे तिला कळत होतं, आणि ते दुसऱ्याच कोणाबद्दल असावं तसं कळत होतं.

त्या दिवसापासून सुकऱ्याने लेकीशी संबंध तोडला. जिजा बिचारी शपथा घेत राहिली, "माझ्याकडे पोलीस आलाच नाही, बाबा. आई शप्पथ नाही आला." कोण ऐकतो! दिवाळीला ती भावाच्या घरी आली तर म्हाताऱ्याने तिच्याकडे पाठ केली. नवशीने तिला चहा दिला. जिजा चहा पिऊन उठून गेली, आणि नवशीने कप विसळला. असं वर्ष गेलं. कराचीच्या कोर्टाने लडक्याला काही महिन्यांची शिक्षा दिली होती, ती भोगून संपली अशी चिठ्ठी आली. म्हणजे आता त्याला परक्या देशाने अडवलेलं नव्हतं. आपल्या देशाने 'हा आमचा' म्हणायचं राहिलं होतं, आणि ते कोणामुळे राहिलं होतं ते एका नवशीला ठाऊक होतं.

एवढं ठाऊक असून बाई गप्प कशी राहिली, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मीही म्हटलं असतं. पण अशा गोष्टीला पहिला दिवस असतो, तो चुकला की दुसरा दिवस पहिल्यापेक्षा जड जातो.

दुसऱ्या पावसाळ्यात डहाणू रोडला स्टेशनजवळ बसणारा वकील भेटला, देवजी नावाचा, आमच्याच लोकांतला शिकलेला. त्याने कागदाची नक्कल मागवली, वाचली, आणि नवशीकडे बघितलं. सुकऱ्या बाहेर विडी ओढत होता.

"हे खोडायचं तर ज्या बाईने हा जबाब दिला तिनेच नवा द्यायला हवा," देवजी हळू म्हणाला. "मी खोटं बोलले, भीतीने बोलले, तो माझा नवरा आहे, असं. आणि तपास या वेळी तुमच्या पाड्यात मागू. खरा पत्ता तोच. पण वहिनी, घरी सांगावं लागेल. पोलीस सगळ्यांसमोर वाचणार."

नवशीने त्याच संध्याकाळी सांगितलं. जिजाला बोलावून घेतलं, सासऱ्याला बसवलं, आणि चुलीकडे बघत बोलली, "जिजाबाय नव्हती. मी होते. अंगठा माझा आहे."

म्हातारा वळून लेकीकडे बघत राहिला. जिजा उठली आणि तिने नवशीच्या पाठीत एक धपका घातला, चांगला जोराचा. "दीड वर्ष! दीड वर्ष माझ्या बापाने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही, आणि तू मला चहा देतेस?" मग दुसरा घातला. नवशीला लागलं. कितीतरी महिन्यांनी तिला काही लागलं, आणि तिला ते बरं वाटलं. जिजा दमून बसली, पुष्कळ रडली, आणि सकाळी मात्र सगळ्यांच्या आधी तीच तयार झाली, जबाब लिहायला देवजीकडे जायला.

नंतर पाड्यातलं काम होतं. दोघी घरोघर गेल्या. "पोलीस येईल. लडक्याचं नाव विचारील. हो म्हणा." लोकांना पटेना. पोलिसाला हो म्हणायचं? कशात तरी अडकवायचं असेल. एक म्हातारी म्हणाली, "आधी येऊन तर जाऊ दे, मग बघू." जिजाने तिला चार वेळा समजावलं.

पोलीस आला तेव्हा अख्खा पाडा बाहेर उभा राहिला. त्याने नाव वाचलं आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. जुनी सवय आडवी आली. मग ती म्हातारीच पुढे झाली. "आमचाच आहे. माझ्यासमोर जन्मला. ही त्याची बायको." मग काय, जो तो बोलायला लागला, दारू पिऊन पडलेलेही उठून हो म्हणायला लागले. पोलीस म्हणाला, एक पुरे. त्याने जुना जबाब वाचला, नवा वाचला, नवशीचा अंगठा घेतला. कागद गेला.

कागद कुठे गेला, किती टेबलांवर थांबला, कोणाला माहीत. दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात कराचीहून खूपसे खलाशी सुटले. यादीत शुक्राचं नाव होतं, लडक्याचं नव्हतं. देवजी म्हणाला, यादी आधी झाली असणार, कागद मागून पोचला असणार, पुढच्या यादीत येईल. पुढची कधी, ते त्याला सांगता येईना.

शुक्रा घरी आला त्याच्या तिसऱ्या दिवशी नवशी त्याच्याकडे गेली. तो ओसरीत बसला होता, गालांची हाडं वर आलेली. जिवली त्याला पेज देत होती. नवशीला बघून जिवली गडबडली, आपला नवरा परत आल्याचीच तिला लाज वाटल्यागत झालं.

"बरा आहे तो," शुक्राने न विचारता सांगितलं. "खातो. खोकला आहे थोडा. मणी ओवतो, तुरुंगात तेच काम, आम्ही सगळेच ओवायचो."

नवशीने दोन वर्षं एकच प्रश्न धरून ठेवला होता. "त्याला कळलं? मी काय बोलले ते?"

शुक्राने वाटी खाली ठेवली. "कळलं. आपल्या देशाचे साहेब आले होते आम्हाला भेटायला. एकेकाला पुढे घेत होते. मी त्याच्या मागेच उभा होतो. साहेबाने कागद वाचला, म्हणाला, तुझ्या घरचे म्हणतात असा कोणी इथे राहत नाही. लडक्याने विचारलं, कोण म्हणतं? साहेबाने बघून सांगितलं, नवशी नावाची बाई."

"मग?"

"मग तो हसला. तिथे असताना तेवढाच एकदा. म्हणाला, साहेब, हीच माझी बायको. खाकीसमोर ती दुसरं काय बोलणार? हो म्हणाली असती तर मीच म्हटलं असतं, ही कोणी वेगळी बाई आहे. लिहून घ्या साहेब, म्हणाला, पटली ओळख."

नवशीच्या तोंडून हसू फुटलं. तिला ते आवरेना, आणि हसता हसताच तिला रडू आलं, एवढं मोठं की जिवलीने येऊन तिचे खांदे धरले. दोन वर्षांचं सगळं तिथे, परक्या ओसरीत, एकदम निघालं. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं.

"साहेबाने लिहून घेतलं?"

"नाही," शुक्रा म्हणाला. "त्याने पुढचं नाव पुकारलं. ते माझं होतं."