एका बुडबुड्याएवढी चूक

मित्रांनो, हसू नका, पण मी एक जुनी नळी आहे. पेनाच्या रिफिलहून बारीक आणि चांगली दोन मीटर लांब. माझ्या अंगात तीन वाटा आहेत. दोन वाटांनी थेंबथेंब पाणी सोडून दाब मोजतात. तिसरी ते पाणी मागे ओढते, नाहीतर स्वादुपिंडाला सूज येऊन भलतंच दुखणं मागे लागायचं.

दुर्बिणीतून घशाखाली उतरायचं आणि पित्त व स्वादुरस आतड्यात जिथे येतात त्या इवल्याशा तोंडात शिरायचं, हे माझं काम. तिथे स्नायूची एक कडी असते. ती फार आवळली की रस तुंबतो आणि माणूस कळवळतो. दाब चाळीसच्या वर गेला, तर दोष कडीचा.

मला सांभाळायच्या त्या परिचारिका ताई. सगळे त्यांना ताईच म्हणत. माझ्यावर त्यांचा फार जीव.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. पित्ताशय काढून तीन वर्षं झाली, तरी कळा थांबत नव्हत्या. सगळे रिपोर्ट चांगले, त्यामुळे घरच्यांना वाटायचं की काम टाळायला ही सोंगं करते. नवरा तर तोंड पाडून बाहेर बसला होता. झोपेचं इंजेक्शन देण्याआधी बाईंनी ताईंचा हात धरला.

"ताई, आज काही निघालं नाही, तर घरात माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही."

मी आत गेले. आकडा आला अठ्ठावीस. पुन्हा मोजलं, तरी तोच. डॉक्टर म्हणाले, नॉर्मल आहे, काढू या. मी मनातून पार खजील झाले, कारण माझ्या पोटात एक बुडबुडा अडकला होता आणि दाब तोच गिळत होता. पण नळीला कुठलं तोंड!

ताई मात्र पडद्यावरच्या दाबाच्या रेघेवरून नजर हटवत नव्हत्या.

"सर, रेघ आळशी वाटतेय. नळीत हवा असेल. सकाळी पाणी मीच भरलंय, चूक माझीच. एकदा पुन्हा भरते."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग मान हलवली. ताईंनी मला उजेडात धरलं, वाळूच्या कणाएवढा बुडबुडा शोधून हुसकावला आणि शून्य नव्याने जुळवलं. मी पुन्हा उतरले. अडुसष्ट! कडी दोन-तीनदा मोजली, अडुसष्टच्या खाली एकदाही नाही. डॉक्टरांनी लगेच त्या कडीला बारीकसा छेद देऊन मोकळं केलं. चारचौघांत स्वतःची चूक कबूल करणाऱ्या ताईंचा मला तेव्हा केवढा अभिमान वाटला, काय सांगू!

बाई शुद्धीवर आल्यावर ताईंनी नवऱ्याला आत बोलावून आकडा सांगितला. तो खाटेजवळ आला. मग बायकोचं पांघरूण सारखं करत म्हणाला, "खरंच दुखत होतं गं तुला." बाई तेव्हा कुठे रडल्या.

आता ही तपासणी क्वचितच होते. ताई निवृत्त झाल्या, मी खणात पडून आहे. मला बाहेर काढा, असा माझा हट्ट नाही. पण कुणी दुखतंय म्हणालं आणि तुमच्या मापात काही आलं नाही, तर मित्रांनो, आधी आपली नळी उजेडात धरून बघा.