मे महिन्यातला तारा

माझ्या सासूबाईंना, वसुमतीबाईंना, दुसऱ्याच्या दुःखात धावून जायची फार हौस. कोणाकडे काही बरंवाईट झालं की चामराजपेठेतल्या आमच्या वठारात पहिलं पाऊल त्यांचं. वाईट मनानं नव्हे. मन चांगलंच होतं, पण कुठं थांबायचं हे त्या मनाला कधी कळलं नाही, आणि चटके बाकीच्यांना बसले.

वठार म्हणजे एका अंगणाभोवती सहा बिऱ्हाडं, मधोमध विहीर आणि तिच्याशेजारी एक खांब. दिवाळीत खांबावर आमचा आकाशकंदील चढायचा. नाताळात त्याच वायरीला, त्याच बल्बवर समोरच्या कार्मेलिनबाईंचा कागदी तारा लागायचा. त्या खानापूरकडच्या, विधवा, पदरी एकुलता एक मुलगा बास्त्याव. नाताळच्या सकाळी दर्जी कासीमसाब सगळ्यांच्या आधी त्यांच्या दारात जाऊन "हॅपी ख्रिसमस, अम्मा" म्हणायचे. मागोमाग आम्ही सगळे, आणि मग ताटं फिरायची.

पहिल्या वर्षी म्हणे सासूबाईंनी त्यांच्याकडच्या नेवऱ्या गवळ्याच्या म्हशीला घातल्या. बास्त्याव तेव्हा आठेक वर्षांचा. त्यानं ते पाहिलं आणि सरळ येऊन विचारलं, "अक्का, आमचं खाल्लं की बाटतं?" सासूबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. पुढच्या नाताळात त्यांनी पायरीवर बसून त्याच्यादेखत अर्धी नेवरी खाल्ली आणि उरलेली त्याच्या हातावर ठेवली. ही गोष्ट लग्नानंतर मला त्यांनी शंभरदा ऐकवली. नेवरी म्हणजे आपली करंजीच. फरक एवढाच की कार्मेलिनबाई कडा कातण्यानं कापत आणि सासूबाई हातानं मुरड घालत. बास्त्याव दोन्ही घरांत खाऊन मोठा झाला.

पुढं तो पलटणीत गेला. बासष्ट साली चीनशी लढाई झाली आणि नोव्हेंबरात तार आली, बास्त्याव बेपत्ता आहे. कार्मेलिनबाई ती तार घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. "सापडत नाही एवढंच लिवलंय," त्या म्हणाल्या. "मेला म्हणून लिवलेलं नाही." त्या एवढ्या एका वाक्यावर जगत होत्या. रोज सकाळी चर्चला जायचं आणि आल्यावर त्याची गादी उन्हात टाकायची.

नाताळ जवळ आला. दरवर्षी तारा बास्त्याव करायचा, यंदा त्यांनी स्वतः कामट्या बांधल्या. तारा वाकडा झाला, तरी खांबावर चढला.

"डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या," सासूबाई मला म्हणाल्या. "दुखवट्याच्या घरात कुणी दिवे लावतं का?"

"दुखवटा कसला? तो बेपत्ता आहे."

"महिना झाला, कावेरी. अशा तारेचा अर्थ शहाण्या माणसानं समजून घ्यायचा असतो."

हा शहाणपणा त्यांनी घरोघर वाटला. यंदा त्या दारात कुणी हॅपी ख्रिसमस म्हणायचं नाही, असं प्रत्येक बिऱ्हाडात बजावून आल्या. नाताळच्या सकाळी कासीमसाबसुद्धा खाली मान घालून निघून गेले.

आमच्यात दुखवट्याच्या घरी वर्षभर सणाची कढई चढत नाही. तळण शेजाऱ्यांनी नेऊन द्यायचं. सासरे गेले त्या दिवाळीत कार्मेलिनबाईंनीच आम्हाला फराळ आणून दिला होता, म्हणजे ही रीत त्यांना आमच्याइतकीच पाठ. तरी सासूबाईंनी करंज्या तळल्या, ताट भरलं, वर फडकं घातलं आणि माझं न ऐकता अंगण ओलांडलं.

कार्मेलिनबाईंच्याच घरातून तळणाचा वास येत होता. त्या हसत दाराशी आल्या. "या अक्का. सकाळपासून वाट बघतेय, आज कुणीच आलं नाही."

सासूबाईंनी ताट पुढं केलं. "तुम्ही काही करू नका, बाई. आम्ही आहोत ना."

कार्मेलिनबाईंनी फडकं उचलून करंज्या पाहिल्या. मग मान वर करून अंगणातली सगळी बंद दारं पाहिली. कोणी का आलं नाही, ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी ताट घेतलं, दार लावलं आणि संध्याकाळी तारा उतरवून आत नेला. त्यानंतर त्या आमच्याशी बोलल्या नाहीत, आणि ताटही परत आलं नाही. दुःखात आहे बिचारी, असं सासूबाई म्हणत. मला त्यांचा इतका राग येई की मी उठून विहिरीवर जाई.

मे महिन्यात चीननं कैदी सोडले. त्यांत बास्त्याव होता.

बर्फानं डाव्या पायाची बोटं गेली होती, बाकी तोच हसरा पोरगा. भर उन्हाळ्यात कार्मेलिनबाईंनी तो वाकडा तारा पुन्हा खांबावर चढवला आणि दिवसाउजेडी दिवा लावला. सगळं वठार अंगणात गोळा झालं. कासीमसाब मे महिन्यात हॅपी ख्रिसमस म्हणाले आणि रडले. सासूबाई मात्र आमच्या पायरीवरच बसून होत्या.

शेवटी बास्त्यावच लंगडत आमच्याकडं आला. हातात आमचंच ताट, वर आमचंच फडकं. "अक्का, आईनं दिलंय. तुमचं ताट राहिलं होतं म्हणे. मला उघडू देत नाही."

सासूबाईंनी फडकं काढलं. खवट वास आला. मुरडीच्या करंज्या होत्या, डिसेंबरातल्या, एकही कमी न झालेल्या.

कैदेत त्यानं काय काय खाल्लं असेल, त्याला त्या वासाचं काही वाटलं नाही. मुरडही दिसली नाही. "नेवऱ्या केल्या आणि मला सांगितलं नाही बघा," म्हणत त्यानं हात घातला. सासूबाईंनी ताट असं हिसकावलं की दोन करंज्या पायरीवर पडल्या.

"नको. तू नको खाऊस."

"का, अक्का?"

त्याच्या मरणाच्या म्हणून तळलेल्या करंज्या त्या. हे त्याला कुठल्या तोंडानं सांगणार? तो थांबला, पडलेल्या करंज्यांकडं बघत राहिला, आणि त्याचं त्यालाच कारण सापडलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"माझा हात लागला म्हणून? अजून बाटतं का, अक्का?"

मी सांगणार होते. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"हो रे," त्या म्हणाल्या. "बाटतं."

"सरी, बरं," तो म्हणाला आणि वळला. अंगण ओलांडायला त्याला बराच वेळ लागला. कार्मेलिनबाई त्यांच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी त्याला आत घेतलं आणि दार लावलं.