मेहबूब पेंटर आणि एक नंबरची कंपनी

चौतीस वर्षांत मेहबूब पेंटरने स्वतः लिहिलेलं एकही अक्षर पुसलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो शेलूबाजारात कोणाला विसरू देत नसे.

त्याची पद्धत सरळ होती. गिऱ्हाइकाने मजकूर कागदावर लिहून द्यायचा, खाली सही करायची, तारीख टाकायची. मेहबूब तो कागद तीनदा वाचणार, त्यातही एकदा शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे, आणि मगच ब्रश उचलणार. ब्रश टेकला की विषय संपला. बसस्टँडसमोरचं घड्याळाचं दुकान बंद होऊन बारा वर्षं झाली, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात, पण वरची ‘घड्याळे दुरुस्त करून मिळतील’ ही पाटी अजून काल सुकल्यासारखी दिसते. एका शाळेत त्याने नऊ ग्रह काढले होते. पुढे शास्त्रज्ञांनी प्लूटोला यादीतून काढलं, तेव्हा हेडमास्तर त्याला बोलवायला आले. “म्या काढला तवा तो ग्रह होता,” एवढंच म्हणून मेहबूब हातातल्या कामाकडे वळला. प्लूटोवर चुना मारायला दुसरा माणूस आणावा लागला.

या कथा ऐकून सर्वांत जास्त कोणी वैतागलं असेल तर ते दौलतराव. दोघे एका बाकावर शिकलेले. दौलतरावांची आता तीस एकर शेती, गावच्या शाळेच्या समितीवर वजन, आणि हाताशी भरपूर रिकामा वेळ. एकदा भर बाजाराच्या दिवशी किशनच्या हॉटेलात त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, “ज्या दिवशी हा मेहबूब आपलं लिहेलं अक्षर आपल्या हातानं पुसन, त्या दिवशी अख्ख्या शेलूबाजारले माह्याकडून चहा.” त्याला बरीच वर्षं झाली. किशन मधूनमधून विचारायचा, “काय मेहबूबभाई, दूध जास्तीचं घेऊन ठेवू का?”

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत दौलतरावांच्याच गावातल्या शाळेच्या भिंती रंगवायचं काम निघालं. पाढे झाले, पचनसंस्था झाली, पूर्वेची एक भिंत उरली. गणित-विज्ञान शिकवणाऱ्या वर्षाराणी मॅडम वर्षभरापूर्वीच नोकरीला लागलेल्या, सव्वीस वर्षांच्या, आणि त्यांना भिंतीवर काहीतरी आजचं हवं होतं. मंगळवारी सकाळी त्यांनी मेहबूबच्या हातात कागद दिला: ‘जगातील सर्वांत मूल्यवान दहा कंपन्या’. खाली सही, तारीख ३ जून.

मेहबूबने कागद खालून वर वाचला. मधेच त्याचा चेहरा खुलला. “सौदी आरामको. हे तं घरचीच झाली. माहा पुतण्या मोईन तिकडंच दम्मामले एसी दुरुस्त करते.”

“म्हणून तं कंपनी वर आली,” ओसरीवर बसलेले दौलतराव म्हणाले. “अन् यादीत ते बर्कशायर म्हणते, ते काय इकते, मॅडम?”

“ती बऱ्याचशा दुसऱ्या कंपन्याच विकत घेते, काका.”

“म्हंजे अडत्या.”

“तसंच काहीसं,” मॅडम म्हणाल्या.

मेहबूबने निळीचा दोरा ताणून ओळी आखल्या आणि संध्याकाळपर्यंत दहाही नावं निळ्या पट्ट्यावर पांढऱ्या ऑइल पेंटने उतरवली. पहिली मायक्रोसॉफ्ट, दुसरी एनव्हिडिया, तिसरी ॲपल, आणि खाली बाकीच्या. शनिवारी बकरी ईद होती. बुधवारी फक्त बॉर्डर आणि गुरुवारी कोपऱ्यात सही केली की तो मोकळा.

बुधवारी सकाळी मॅडम आल्या त्या मोबाइलकडे बघतच. भिंतीसमोर उभ्या राहिल्या, मोबाइल पाहिला, भिंत पाहिली.

“चाचा, एक अडचण झाली. पहिली दुसरी झाली आणि दुसरी पहिली झाली.”

“कागदावर चुकलं व्हतं का?”

“नाही. काल ते बरोबर होतं. आज नाही.”

ब्रश हवेत थांबला. ओसरीवर दौलतरावांनी पाय खाली सोडले आणि चपला शोधल्या.

“तिकडं काही जळालं का?” मेहबूबने विचारलं.

“नाही.”

“दुसरीनं एका राती नवा कारखाना काढला?”

“तसंही नाही.” मॅडमनी जमिनीवरचा खडूचा तुकडा उचलला. “हे बघा, कंपनीचे समजा शंभर वाटे आहेत, म्हणजे शेअर. त्यातले दोन-तीनच रोज बाजारात हात बदलतात. शेवटचा वाटा ज्या भावानं विकला, त्या भावानं उरलेले सगळे वाटे मोजायचे. ती झाली कंपनीची किंमत. काल लोकांनी एनव्हिडियाचे वाटे जरा जास्त भावानं घेतले, झालं.”

दौलतराव भिंतीपर्यंत आले होते. “थांबा मॅडम. बजार समितीत मुहूर्ताच्या सौद्याले नवं सोयाबीन जाते. नारळ फोडतात, माल आणणाराच्या गळ्यात हार घालतात, पयल्या पाच कट्ट्याले हौसेचा भाव देतात. दुसऱ्या दिवशी तो भाव कुठंच नसते. आता त्या पाच कट्ट्याच्या भावानं म्या घरातलं सारं सोयाबीन मोजायचं?”

“मोजायची पद्धत तीच, काका. फक्त तिथं रोज लाखो लोक सौदा करतात, म्हणून त्या भावाला वजन असतं.”

“म्हंजे मागच्या सालच्या मुहूर्ताले म्या लय मोठी कंपनी होतो, अन् कोणी सांगतलं बी नाही.”

“संध्याकाळपर्यंतच,” मेहबूब म्हणाला. “तवा तुह्या भिंतीवर नाव लिहाले कोण आलं असतं?”

हसणं झालं, पण भिंतीवरची मायक्रोसॉफ्ट काही खाली उतरली नाही. शुक्रवारी सकाळी केंद्रप्रमुख भिंती पाहायला येणार होते. मॅडम संकोचून म्हणाल्या, “चाचा, दोनच नावं आहेत. नाहीतर... त्यावर छोटं फ्लेक्स लावू का?”

फ्लेक्स हा शब्द मेहबूबच्या समोर सहसा कोणी काढत नसे. त्याच्या निम्म्या गिऱ्हाइकांना फ्लेक्सनेच नेलं होतं. तो रागावला नाही, फक्त ब्रश धुऊन ठेवला आणि म्हणाला, “उद्यापर्यंत पाहू. वर गेलं ते खाली येते.”

त्या संध्याकाळी शेलूबाजारात बातमी पसरायला चहा उकळण्याइतकाच वेळ लागला. दौलतरावांनी आपल्या पुतण्याकडून मोबाइलमध्ये शेअरबाजाराचं ॲप घेतलं. सात वाजता अमेरिकेचा बाजार उघडला तेव्हा ते किशनच्या हॉटेलात मधल्या टेबलावर बसले होते. एनव्हिडिया काय बनवते हे त्यांना धड माहीत नव्हतं, पण ती वर राहावी अशी त्यांची मनापासून इच्छा होती. हॉटेलात दोन पक्ष पडले. बरेचसे चहाच्या आशेने एनव्हिडियाकडे गेले. मायक्रोसॉफ्टकडे मेहबूब एकटाच, आणि किशन, कारण अख्ख्या बाजाराच्या चहाला लागेल एवढं दूध कुठून आणायचं, हा हिशेब त्याला जमत नव्हता.

गुरुवारी सकाळी एनव्हिडिया अजून वरच होती.

मेहबूब भिंतीसमोर उकिडवा बसला. बाजूला टर्पेंटाइनची बाटली, स्वच्छ चिंधी. दोन नावं, म्हणजे अर्ध्या तासाचं काम. चौतीस वर्षं आणि अर्धा तास. ओसरीवर दौलतराव आज आधीपासून हजर होते, चष्मा पुसून लावलेला.

मेहबूबने चिंधी उचलली, आणि परत ठेवली. “मॅडम, तुमी कागद देल्ला तवा हे बरोबर होतं ना?”

“शंभर टक्के.”

“मंग ते खोटं कसं झालं? ते त्या दिवसाचं खरं हाय. मी पाटी रंगवली की कोपऱ्यात तारीख घालतो, म्हंजे दहा सालानं कोणी म्हणलं रंग उडाला तं सांगता येते, कवाचा रंग हाय तो. हितं तारीख कोपऱ्यात नाही, वर घालू. मोठ्यानं.”

मॅडम अशा हसल्या, जणू कोणीतरी त्यांच्याच वर्गातला धडा त्यांना परत शिकवला होता. “चाचा, प्रयोगाच्या वहीत मुलांनी तापमान लिहिलं आणि वेळ नाही लिहिली, तर मी गुण कापते. आणि इथं मीच विसरले.”

“हे चीटिंग हाय,” दौलतराव म्हणाले.

“पुसलं का काही? वाढवलं.”

मथळ्याखाली जागा होतीच. मॅडमनी त्याच कागदावर आपली तारीख धरून नवी ओळ लिहून दिली. मेहबूबने कागद पुन्हा तीनदा वाचला आणि लिहिलं: ‘दि. ३ जून रोजी अमेरिकेचा बाजार बंद होताना’. मागे सरकून पाहिलं. मॅडमनी मान डोलावली. दौलतराव ॲपमध्ये तोंड घालून, हरल्यासारखे, पण हरलो हे न दाखवता म्हणाले, “बंद होतानी म्हणे. रातचे दीड वाजते आपल्याकडं तो बजार बंद व्हाले. तुले काय माहीत? म्या पाहून राह्यलो रोज.”

मेहबूब ब्रश पुसत होता. त्याचा हात थांबला.

मोईनला फोन करताना दम्मामचं घड्याळ अडीच तास मागे धरायची त्याला सवय होती. त्याने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.

“मॅडम, मंगळवारी सकाळी तुमी यादी पाह्यली, तारीख तीन. बजार बंद झाला त्याच्या आदल्या राती दीडले. तवा तिकडं तारीख कोणती?”

मॅडमचं हसू हळूहळू मावळलं. “दुपारचे चार. सोमवार. दोन जून.”

“अन् तिकडल्या तीन तारखेले, बजार बंद होतानी, पयली कोण?”

“एनव्हिडिया.”

म्हणजे जी तारीख यादीला खरं करायला घातली होती, तीच तिला खोटं पाडत होती. दहा नावांत चूक नव्हती. चूक एका आकड्यात होती, आणि तो आकडा अजून ओला होता.

“चाचा, कागदावर मीच तीन लिहिलं,” मॅडम हळूच म्हणाल्या. “आणि हे कोणाच्या लक्षात येणार नाही.”

“तुमच्या आलं. माह्या आलं.”

त्याने कोणाकडे पाहिलं नाही. चिंधीवर टर्पेंटाइनचे चार थेंब टाकले आणि तीनचा आकडा कडांकडून आत, बाजूच्या अक्षराला धक्का न लावता पुसून काढला. तेवढी जागा निळी करून सुकू दिली. मग त्यात दोन लिहिला. दोन अगदी सुरेख आला. सगळं आटपल्यावर तो ओसरीकडे वळला, बोलणी खायच्या तयारीने.

दौलतराव चष्मा पुसत होते. चष्म्यावर काही नव्हतं. तरी ते तो धोतराच्या सोग्याने एका काचेवरून दुसऱ्या काचेवर, पुन्हा पहिलीवर, असे बराच वेळ पुसत राहिले. “झालं का तुहं?” ते म्हणाले. “चाल, ऊन वाढलं.”

शुक्रवारी केंद्रप्रमुख आले, पचनसंस्थेसमोर फोटो काढला, पूर्वेची भिंत वाचली. “तारीख घातली हे बरं केलं,” असं म्हणून मॅडमकडे कौतुकाने पाहिलं. मॅडमनी मेहबूबकडे बोट दाखवलं, पण तोवर ते पाढ्यांकडे वळले होते.

दुपारी मेहबूब ईदच्या सामानासाठी बाजारात आला तर किशनच्या हॉटेलासमोर ही गर्दी. सगळ्यांच्या हातात चहा. जीपवाल्यांच्या, भाजीवाल्यांच्या, आणि बस चुकलेल्या दोन अनोळखी माणसांच्याही. चौतीस वर्षांचं नाव आज चहाच्या कपात बुडालं, असं समजून मेहबूब पुढे गेला.

“कायचा चहा हाय?” त्याने किशनला विचारलं.

“दौलतभाऊंकडून. एनव्हिडिया पयली आली म्हून,” किशन वैतागून म्हणाला. “आता ते दौलतभाऊची कोण लागते, देव जाणे. दूध दोनदा आणलं.”

मधल्या टेबलावर दौलतराव मोबाइल पालथा ठेवून बसले होते. त्यांनी मेहबूबकडे न पाहता एक कप पुढे सरकवला. मेहबूब समोर बसला, फुंकर घालून चहा प्यायला, आणि त्याने काहीही दुरुस्त केलं नाही.

मॅडमनी सकाळीच मेहबूबला सांगितलं होतं, त्या दिवशी पहाटेच मायक्रोसॉफ्ट परत वर गेली होती आणि एनव्हिडिया दुसरी झाली होती. एक दिवस कळ काढली असती, तर भिंत आपोआप बरोबर ठरली असती. अख्ख्या हॉटेलात हे फक्त त्या दोघांना माहीत होतं.